शब्द थांबतात तिथे: मराठी चित्रपटांतील मनात राहिलेल्या चौकटी

ओसरी

गेल्या आठवड्यात ‘कुंकू’ पुन्हा एकदा, सलग आणि शांतपणे पाहिला. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी शाळकरी होते. घरातील मोठी माणसे दूरदर्शनसमोर बसलेली होती आणि आम्ही मुले अभ्यासाचे पुस्तक हातात धरून दारातून डोकावत होतो. जरठकुमारी विवाहाची ती कथा त्या वयात कळण्यासारखी नव्हती, आणि ती आम्हाला समजावून सांगावी असे कोणाला वाटलेही नसावे. पुढे कित्येक वर्षे मला त्या चित्रपटाचे नावसुद्धा नीट आठवत नव्हते. एक दृश्य मात्र डोळ्यांपुढून कधी हलले नाही: एक वृद्ध गृहस्थ आरशासमोर उभे आहेत, आरसा फुटतो, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यातून त्यांचाच चेहरा त्यांना हसत राहतो.

1937 साली प्रभात फिल्म कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. नीराचे लग्न फसवणुकीने काकासाहेब या वयस्क वकिलाशी लावले जाते आणि ती त्या नात्याला अखेरपर्यंत मान्यता देत नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या अभिनयाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यात मी शिरत नाही. या वेळी माझे लक्ष वेधून घेतले ते घरातील वस्तूंनी. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ पुन्हा पुन्हा पडद्यावर येते आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा बदललेला असतो. सुरुवातीला ते घरातले नुसते सामान वाटते, मग काकासाहेबांच्या वयाचा हिशेब ठेवणारे कोणीतरी वाटू लागते, आणि शेवटी शेवटी तर त्या घरात त्याच्याइतके स्पष्ट बोलणारे दुसरे कोणी उरत नाही. तुम्ही म्हातारे झाला आहात हे काकासाहेबांच्या तोंडावर सांगण्याची हिंमत नीराखेरीज कोणातही नाही; घड्याळ आणि आरसा मात्र ते सांगून जातात.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असेल. जे काही ऐकू येते ते त्या घरातून, त्या रस्त्यावरून किंवा तिथल्या ग्रामोफोनमधून येते. संगीतकार केशवराव भोळे यांच्यासारखा जाणकार हाताशी असताना आणि त्या काळचा प्रेक्षक गाण्यांवर जीव टाकणारा असताना हा निर्णय घेतला गेला, हे मला आजही विलक्षण वाटते. काय वाटून घ्यावे हे सांगणारे वाद्य मागे नसल्यामुळे पाहणाऱ्याला चौकटीत स्वतःच शोध घ्यावा लागतो, आणि मग घड्याळाची टिकटिक नीराच्या मनात चालली आहे की काकासाहेबांच्या, हा प्रश्न तिथे खरोखर उभा राहतो.

या चर्चामंचावर हा धागा काढण्याचे कारण असे की आपल्याकडे चित्रपटांची चर्चा बहुतेक वेळा संवाद, गाणी आणि अभिनय यांभोवतीच फिरते. संगीत नाटकाच्या अंगणात वाढलेल्या समाजात हे स्वाभाविकच आहे. परंतु मराठी चित्रपट ज्यांनी उभा केला त्यांतील कितीतरी माणसे मुळात कुंचल्याची होती, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत असत, आणि कोल्हापूरच्या त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतच दामले, फत्तेलाल आणि शांताराम घडले. 1929 साली याच मंडळींनी केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभातची स्थापना केली. या माणसांनी चौकटीचा विचार आधी केला नसेल, असे मानणे मला अवघड जाते.

तेव्हा आपल्या मनात राहिलेले एखादे दृश्य येथे मांडावे, अशी विनंती आहे. मांडताना कॅमेरा कोठे उभा आहे, चौकटीत काय घेतले आहे आणि काय जाणीवपूर्वक बाहेर ठेवले आहे, हे जमेल तेवढे सांगावे. ‘छायाचित्रण अप्रतिम आहे’ एवढ्या वाक्याने वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पिंपळपार

‘कुंकू’ला लागूनच ‘संत तुकाराम’ यायला हवा. हा चित्रपट त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1936 साली, प्रभातकडून आला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांपैकी पहिले ध्वनिमुद्रणाचे जाणकार आणि दुसरे कलादिग्दर्शक. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली या चित्रपटाचा विशेष गौरव झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या गौरवामुळे एक तोटाही झाला असे मला वाटते. आपण या चित्रपटाला नमस्कार करतो, पण त्याच्याकडे बघत नाही.

बघण्यासारखे काय आहे ते सांगतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम चौकटीत फार कमी हालचाल करतो. तो बसलेला असतो, चालत असतो, गात असतो आणि कॅमेरा त्याला बहुधा त्याच्याच उंचीवरून, समोरून पाहतो. संताला मोठे दाखवण्यासाठी त्याला खालून पाहण्याचा मोह किती सहज झाला असता! गौरीने केलेली जिजाई याच्या अगदी उलट आहे. घरातली कामे, मुले, म्हैस यांच्या रगाड्यात ती सतत हलत असते, आणि ती आली की चौकट भरून जाते. मूल आजारी पडल्यावर ती चप्पल घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते, त्या दृश्यात देव आणि चप्पल एकाच चौकटीच्या हिशेबात आले आहेत आणि तरीही कोठे अनादर वाटत नाही, कारण तोवर दिग्दर्शकांनी आपल्याला त्या घरातील रिकामी भांडी पुरेशी दाखवलेली असतात. तुकारामाचा परमार्थ आणि जिजाईचा प्रपंच यांच्यातला वाद संवादांतही आहेच, पण मला तो आधी दिसतो: एक माणूस स्थिर आहे आणि त्याच्याभोवती दुसरे माणूस राबते आहे.

आता चमत्कारांविषयी. अखेरचे वैकुंठगमन पाहताना आजच्या डोळ्यांना त्यातील युक्ती लगेच कळते, आणि तरुण मंडळी तिथे हसतात हे मी पाहिले आहे. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. चमत्कार येतो तेव्हा त्यासाठी वेगळा प्रकाश किंवा वेगळी दुनिया उभी केलेली नाही. ज्या गावात जिजाई भांडत होती त्याच गावावरच्या आकाशात तो घडतो. घरकामात बुडालेल्या जिजाईला नवरा वैकुंठाला चल म्हणतो हे नेहमीचेच वेड वाटते, आणि ती मागे राहते. दिग्दर्शकांची श्रद्धा आणि त्यांची वास्तवाची जाण या एका गोष्टीत मला सारख्याच दिसतात.

आणखी एक धागा याला जोडावासा वाटतो. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले होते. रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी ते असे जोडले की बी रुजून वेल वर येताना पडद्यावर दिसावा. भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाला या नव्या कलेची ताकद पटवण्यासाठी त्यांनी ते दाखवलेही. आपल्या चित्रपटाचा पहिला चमत्कार हा असा मातीतला होता. ‘संत तुकाराम’मधील ‘आधी बीज एकले’ हे गाणे शांताराम आठवले यांनी लिहिले आणि पुष्कळ लोक ते तुकारामांचाच अभंग समजत आले. हा केवळ योगायोग आहे हे मला मान्य आहे, तरी ते गाणे ऐकताना मला फाळक्यांचा वाटाणा आठवल्याशिवाय राहत नाही.

दगडीजिना

धाग्याचा विषय आवडला. मात्र ओसरी यांच्या पहिल्याच उदाहरणाशी माझा मतभेद आहे आणि तो स्पष्टपणे मांडतो.

‘कुंकू’मधील आरशाचे दृश्य लक्षात राहते हे खरे, पण ते लक्षात राहावे यासाठीच रचलेले आहे. शांताराम यांच्या दृश्यविचारात मला ही अडचण नेहमी जाणवते. ‘अमृतमंथन’मध्ये, 1934 साली, राजगुरूचा डोळा टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या, भिंगाने पडदाभर दाखवला गेला, आणि हिंदी आवृत्तीतील चंद्रमोहन यांचा तो डोळा आजही लोकांना आठवतो. तो डोळा पाहताना मी राजगुरूचा विचार करत नाही, भिंगाचा करतो. प्रतिमा स्वतःकडे बोट दाखवू लागली की गोष्ट मागे पडते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

माझ्या दृष्टीने दृश्यातून सांगण्याची खरी ताकद चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये आहे. छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा येथे बहुतांश वेळ दूर, स्थिर आणि जवळजवळ निर्विकार राहतो. सुरुवातीलाच शाहीर नारायण कांबळे गात असताना पोलीस येतात, आणि आपण ते सारे प्रेक्षकांत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या अंतरावरून पाहतो. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात या क्षणी कॅमेरा शाहिराच्या चेहऱ्याकडे धावला असता. तो धावत नाही, त्यामुळे अटक ही एक रोजच्यासारखी, कागदोपत्री, जवळजवळ कंटाळवाणी घटना वाटते. आणि भीती नेमकी त्या कंटाळवाणेपणातून येते.

पुढे न्यायालयातील दृश्यांतही हेच अंतर पाळलेले आहे. शाहिराच्या गाण्यामुळे एका मॅनहोल कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आहे; त्या कामगाराची विधवा साक्ष देते त्या प्रसंगाचा विचार करावा. गटारात उतरण्यापूर्वी नवरा आत खडा टाकत असे, झुरळ बाहेर आले की आत श्वास घेता येईल असे समजत असे, हे ती ज्या सपाट आवाजात सांगते त्या आवाजाला कॅमेऱ्याची कसलीही मदत दिलेली नाही. अश्रूंचा क्लोज-अप नाही. आजूबाजूला माणसे आपापल्या कामात आहेत, कागद हलत आहेत. त्या वाक्याचे वजन कोणाला पेलायचे असेल तर ते पाहणाऱ्यानेच पेलायचे आहे.

आणि मग तो शेवटाकडचा शॉट येतो. न्यायालयाला सुट्टी लागते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात, दार लागते आणि पडदा अंधारात तसाच राहतो. मी चित्रपटगृहात होतो तेव्हा चित्रपट संपला असे वाटून दोघेतिघे उठलेसुद्धा. त्यानंतर न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेतात आणि मुले ओरडून त्यांना जागे करतात. अंधारानंतर आलेला तो लख्ख दिवस मला अधिक अस्वस्थ करून गेला. ज्याचा निकाल लागलेला नाही असा माणूस त्या बंद दाराच्या पलीकडे कोठेतरी आहे, आणि चौकट आता त्याच्याकडे वळणार नाही.

हे चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर पाहिले जातात याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘कोर्ट’च्या दूरच्या शॉटमध्ये कोपऱ्यातील माणूस काय करतो आहे यालाच अर्थ असतो, आणि हाताच्या पंजाएवढ्या काचेवर तो कोपरा उरतच नाही.

नवखा

मी येथे बहुतेक वेळा वाचनच करतो, पण एक दृश्य सांगावेसे वाटले. फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा 1919 सालचा मूकपट आहे. त्यात कृष्णाची भूमिका त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हा कथा सुरू होत नाही; ही लहान मुलगी थेट आपल्याकडे पाहत एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि नंतर ती कृष्ण होते. म्हणजे ही माझी मुलगी आहे, आता ती देव होणार आहे, तुम्ही दोन्ही बघा, असे बापाने प्रेक्षकांना सांगितले आहे. तो चेहरा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे हे आठवले की मला थोडे गलबलून येते. आवाज नाही, रंग नाही, आणि तरी ती मुलगी अगदी समोर बसल्यासारखी वाटते.

ओसरी

नवखा, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. असेच लिहीत राहावे.

दगडीजिना यांचा आक्षेप मी दोनदा वाचला. त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ‘अमृतमंथन’मधील डोळ्याविषयी त्यांचे म्हणणे बरोबर असावे. आरशाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. काकासाहेब हे दुष्ट खलनायक नाहीत. आपण केलेला अन्याय त्यांना हळूहळू कळत जातो आणि अखेरीस तो त्यांना असह्य होतो. हे कळणे कोठल्या तरी क्षणी घडताना दिसायला हवे होते. त्या काळातील प्रतिष्ठित वकील घरातील कोणासमोरही ही कबुली देणार नाही, मित्रासमोरही देणार नाही. उरतो तो आरसा. तेथे दृश्य भडक झाले आहे, कारण त्या माणसाचे मनच त्या क्षणी भडकलेले आहे. उरलेल्या चित्रपटात नीरा ज्या शांतपणे वावरते त्याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हे अधिक पटेल.

‘कोर्ट’मधील अंधाराविषयी आपण जे लिहिले आहे त्याने मात्र मला तो चित्रपट पुन्हा पाहणे भाग पडणार आहे. मी त्या दृश्यात घड्याळाकडे पाहिले होते, हे कबूल करते.

माळरान

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या शाळेच्या रस्त्याकडील भिंतीवर महापुरुषांची चित्रे आहेत आणि ती रंगवून घेण्यासाठी वर्गणी गोळा करण्यात मीही होतो. ‘फँड्री’ पाहिल्यापासून त्या भिंतीजवळून जाताना माझे पाऊल थोडे अडखळते.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. जब्या कैकाडी समाजातील मुलगा आहे, त्याला वर्गातील शालू आवडते आणि तिला वश करण्यासाठी तो काळी चिमणी शोधत हिंडतो. गावात डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घराकडे आहे. ‘फँड्री’ या कैकाडी शब्दाचा अर्थच डुक्कर असा आहे. सोमनाथ अवघडे आणि किशोर कदम यांनी मुलगा आणि बाप असे काही उभे केले आहेत की त्यांना नट म्हणायला जीभ वळत नाही. विक्रम अमलाडी यांच्या छायालेखनात आमचा कोरडा माळ, बाभळी आणि ऊन कोठेही सुंदर करून दाखवलेले नाही. आम्हाला जसे दिसते तसेच ते आहे.

डुकराच्या पाठलागाचे दृश्य शेवटी येते आणि ते फार लांब आहे. ते लांब आहे हेच त्याचे म्हणणे आहे, असे मी मानतो. जब्याचे कुटुंब धावते आहे, पडते आहे, आणि गाव कडेला बसून एखादा क्रिकेटचा सामना पाहावा तसे पाहते आहे. जब्या आडोसा शोधत राहतो, कारण पाहणाऱ्यांत शाळेतील मुले आहेत, शालू आहे. कॅमेरा कधी या पळणाऱ्यांसोबत असतो आणि कधी त्या बसलेल्यांसोबत, आणि प्रत्येक वेळी आपण कोठे बसलो आहोत हे आपल्याला तपासावे लागते. मध्येच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या थांबतो, मग घरचे सगळे जिथे आहेत तिथे ताठ उभे राहतात, आणि हातातोंडाशी आलेले डुक्कर समोरून निघून जाते. एकही शब्द नाही. मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो. या एका मिनिटात जे आहे ते शिकवायला मला धडे पुरले नसते.

त्यानंतर डुक्कर काठीला बांधून नेले जाते, आणि पाठीमागे शाळेची भिंत आहे. भिंतीवर बाबासाहेब आहेत, जोतिराव आणि सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. चौकटीच्या वरच्या भागात ती चित्रे आणि त्यांच्यासमोरून तो भार वाहणारे जब्याचे कुटुंब. दिग्दर्शकाने हे कोणाच्या तोंडून बोलून घेतले असते तर ते भाषण झाले असते, आणि भाषण ऐकून आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. त्या चित्रांसाठी आम्ही रंग चांगल्या प्रतीचा आणला होता. भिंतीसमोरच्या रस्त्यावरून कोण, काय घेऊन जाते याकडे मी त्याआधी पाहिले नव्हते.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी एवढेच सांगतो की चित्रपटगृहात माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने तेव्हा मान बाजूला घेतली होती. दगडीजिना यांचे मत मी समजू शकतो, पण हा शॉटसुद्धा स्वतःकडे बोट दाखवणाराच आहे आणि तरी तो मला अत्यंत आवश्यक वाटतो.

खाडीकाठ

वरचे सगळे वाचल्यावर माझे उदाहरण फार हळवे वाटेल, तरी लिहिते. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’चे दिग्दर्शन आणि छायालेखन एकाच माणसाचे आहे, आणि ते पाहताना जाणवते. चिन्मयचे वडील वारले आहेत आणि आईच्या बदलीमुळे तो पुण्याहून कोकणातील लहान गावात आला आहे. दुःख झाले आहे असे तो कोणाला सांगत नाही. अकरा वर्षांचा मुलगा ते सांगणार तरी कसे?

मी कोकणातलीच असल्यामुळे चित्रपटांतील कोकणाची मला थोडी धास्ती असते. माड, लाल माती, पाऊस, सगळे धुऊन पुसून ठेवल्यासारखे दाखवतात. येथील पाऊस तसा नाही. किल्ल्यात मुलांचा खेळ रंगतो, पाऊस कोसळू लागतो आणि मित्र आपल्याला टाकून गेले आहेत हे चिन्मयला कळते, त्या वेळी त्या जुन्या भिंती आणि अंधारलेले कोपरे एकदम परके होतात. थोड्या वेळापूर्वी याच भिंतींमागे लपण्यात मजा होती. त्या मुलाला वडिलांच्या जाण्याविषयी जे वाटते तेच हे आहे, असे मला तेव्हा वाटले: ओळखीच्या जागेतून माणसे निघून जातात आणि जागा तीच राहत नाही. चित्रपटात असे कोणी म्हणत नाही.

पुढे तो एका कोळ्याबरोबर होडीतून समुद्रावर जातो. किल्ल्यात चौकट सगळीकडून आवळलेली होती. येथे ती क्षितिजापर्यंत मोकळी होते. माझ्या वडिलांची नोकरीही बदलीची होती. दर तीन वर्षांनी सामान बांधताना शेवटची नजर कशावर टाकायची हे मी ठरवून ठेवत असे, आणि चिन्मय ज्या पद्धतीने गावाकडे पाहतो ते पाहून मला ती सवय आठवली.

रीळ

मी बरीच वर्षे एका तालुक्याच्या गावातील चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला. पूर्वी रिळे बदलावी लागत, नंतर यंत्र संगणकाचे झाले. या कामात माणूस चित्रपट तुकड्यातुकड्याने पाहतो आणि प्रेक्षकांना मात्र सलग पाहतो, कारण केबिनच्या झरोक्यातून पडद्याआधी डोकीच दिसतात.

2016 साली ‘सैराट’ लागला तेव्हा आमच्याकडे जी गर्दी लोटली तशी मी आधी पाहिली नव्हती. गाणी सुरू झाली की पोरे पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत येऊन नाचत. अजय-अतुल यांचा तो वाद्यमेळ आमच्या जुन्या स्पीकरना झेपत नसे, तरी कोणाची तक्रार नसे. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी टिपलेले पाणी, वठलेली झाडे, उसाचे शेत यांच्यावर लोक अक्षरशः शिट्ट्या वाजवत. निसर्गाला शिट्टी मिळालेली मी तेव्हाच ऐकली. नंतर कथा हैदराबादला जाते, चौकटी अरुंद होतात, झोपडपट्टीतील खोली येते, आणि प्रेक्षागृहातील आवाजही हळूहळू कमी होत जातो. हे दर खेळाला होत असे.

ओसरी यांनी ‘कुंकू’मध्ये संगीत नसण्याविषयी लिहिले आहे, त्यावरून मला पहिल्या दिवसाचा पहिला खेळ आठवला. शेवटी, घरच्यांविरुद्ध पळून जाऊन लग्न केलेल्या आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. तिचा लहान मुलगा आकाश शेजारणीबरोबर बाहेर गेलेला आहे. तो परत येतो, दारातून आत जातो, आणि पडद्यावरचा आवाज नाहीसा होतो. मला काहीच कल्पना नव्हती. आवाज गेला की आमच्याकडे पहिली शिवी केबिनच्या दिशेने येते, म्हणून मी घाईने उठून ध्वनियंत्रणेकडे गेलो. सगळे दिवे हिरवे होते. खाली कोणी ओरडत नव्हते. मी झरोक्यातून पाहिले तेव्हा ते मूल रडत होते आणि त्याचे रडणे ऐकू येत नव्हते. मग ते वळले आणि फरशीवर लाल पावले उमटवत बाहेर निघाले.

मी हात खाली घेतला. नावांची पाटी संपून पडदा पांढरा झाला तरी लोक बसून होते, आणि पुढच्या खेळाची रांग बाहेर दारावर थापा मारत होती. मी दिवे लावायला नेहमीपेक्षा उशीर केला.